धक्क्यांचा हिशेब आणि सरळ रेषा

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी तेरणेच्या खोऱ्यात जो भूकंप झाला, त्याला आपण सर्वजण किल्लारीचा भूकंप म्हणून ओळखतो. परंतु लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील त्या गावावर जसा घाला पडला, तसाच तो तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातील उमरगा तालुक्यावरही पडला होता. आणि आज लोहारा तालुक्यात मोडणारे सास्तूर असो की पेठ सांगवी असो, दगडमातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती आणि त्यांवरचे मातीचे अवजड माळवद हेच तेथील माणसांच्या मृत्यूचे कारण झाले. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून लोक उशिरा निजले होते. जे वाचले त्यांनी पुढचे कित्येक महिने पत्र्याच्या निवाऱ्यांत काढले, आणि त्या मुदतीत जमीन मधूनमधून हालतच राहिली. अशा स्थितीत माणसाच्या मनात साहजिकच दोन प्रश्न उभे राहतात: हे हादरे थांबणार कधी, आणि पुन्हा मोठा भूकंप होणार काय? या दोन्ही प्रश्नांची जी काही मर्यादित उत्तरे शास्त्राजवळ आहेत ती दोन सरळ रेषांच्या रूपाने आहेत, आणि मौज अशी की नोंदवहीतले आकडे जसेच्या तसे कागदावर मांडले असता या दोहोंपैकी एकही रेषा दृष्टीस पडत नाही. ती दिसण्यासाठी आकड्यांचा लॉगॅरिदम घ्यावा लागतो.

भूकंपाच्या आकड्यांची मूळ अडचण त्यांच्या पल्ल्याची आहे. संवेदनशील भूकंपमापकावर उमटणारी एक रेघ मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकी हलते, तर दुसरी तिच्या लाखोपट हलू पाहते. १९३५ साली कॅलिफोर्नियात चार्ल्स रिक्टर यांच्यापुढे हाच पेच होता. दक्षिण कॅलिफोर्नियातील भूकंपांची तुलना करता यावी म्हणून त्यांनी प्रत्येक भूकंपाच्या रेघेचा परमप्रसर, म्हणजे मधल्या स्थितीपासून ती जास्तीत जास्त किती दूर गेली ते अंतर, केंद्रापासूनच्या अंतरासमोर मांडून पाहिला. परंतु लहानमोठ्यांतील तफावत कोणत्याही एका कागदावर मावेना. तेव्हा बेनो गुटेनबर्ग या त्यांच्या वडीलधाऱ्या सहकाऱ्याने परमप्रसरांऐवजी त्यांचे लॉगॅरिदम मांडावेत अशी सूचना केली, आणि तसे करताच असे आढळून आले की, निरनिराळ्या भूकंपांच्या वक्ररेषा जवळजवळ एकमेकींना समांतर आहेत. जो भूकंप दुसऱ्याच्या दहापट जोराचा, त्याची रेषा दुसऱ्याच्या रेषेहून सर्वत्र एक घर वर. ती घरे मोजली की झाली भूकंपाची महत्ता, जिला आपली वर्तमानपत्रे सरसकट ‘रिश्टर’ म्हणतात. केंद्रापासून शंभर किलोमीटरवर ठेवलेल्या ठराविक बनावटीच्या यंत्राची रेघ एक मिलिमीटर हलली तर महत्ता ३, दहा मिलिमीटर हलली तर ४. किल्लारीची महत्ता सुमारे ६.२ होती असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा तो आकडा मुळातच एक लॉगॅरिदम असतो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिची गरज लागणार आहे.

लॉगॅरिदम करतो काय, तर गुणाकाराची बेरीज आणि पटींची समान पावले करतो. नेपियरने १६१४ साली आपली कोष्टके प्रसिद्ध केली ती खगोलज्ञांचे रटाळ गुणाकार वाचावेत या हेतूने, आणि ब्रिग्जने त्यांना दहाचा पाया दिला. पण एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते हे मोजण्याची कल्पना आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीची आहे. नवव्या शतकाच्या आरंभीचे जैन आचार्य वीरसेन आपल्या ‘धवला’ टीकेत तिला अर्धच्छेद म्हणतात. बत्तिसाचे अर्धच्छेद पाच, आणि दोन संख्यांच्या गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे त्या दोहोंच्या अर्धच्छेदांची बेरीज, हा नियमही तेथे आहे. अर्थात वीरसेनांना हवा होता तो विश्वातील अतिप्रचंड संख्यांचा हिशेब. आलेख काढण्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. आपल्याला मात्र तेच आहे.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत जो सेमी-लॉग कागद मिळतो, तो एकदा हातात घेऊन नीट पाहावा. त्याच्या आडव्या अक्षावरील घरे नेहमीसारखी सारखी असतात. उभ्या अक्षावरील रेघा मात्र आधी विरळ आणि मग दाट होत जातात, व दहाच्या प्रत्येक पटीनंतर तोच क्रम पुन्हा सुरू होतो. एका पटीला दहा सेंटिमीटर जागा दिली असेल, तर १ पासून २ ची रेघ ३.०१ सेंटिमीटरवर येते, २ पासून ३ ची १.७६ वर, आणि ९ व १० यांच्यामध्ये अर्धा सेंटिमीटरही उरत नाही. १ पासून १० जितके दूर, तितकेच १० पासून १०० आणि १०० पासून १,००० दूर. कोष्टक उघडावे न लागता लॉगॅरिदम घेण्याचे काम कागदच परस्पर उरकतो.

आता या कागदावर काय मांडावयाचे? अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने साऱ्या जगासाठी काढलेली वार्षिक सरासरी घेऊ. ८ किंवा अधिक महत्तेचा भूकंप वर्षाला एक. ७ ते ८ यांमधले १५. ६ ते ७ यांमधले १३४. ५ ते ६ यांमधले १,३१९. आणि ४ ते ५ यांमधले अदमासे १३,०००. साध्या आलेख कागदावर १३,००० ला तेरा सेंटिमीटर उंची दिली, तर १,३१९ ला सव्वा सेंटिमीटर मिळते, १३४ ला जेमतेम सव्वा मिलिमीटर, आणि ज्यांच्यामुळे शहरेच्या शहरे कोसळतात ते ७ च्या वरचे भूकंप अक्षाच्या शाईतच बुडून जातात. आलेख पाहणाऱ्याला एवढेच दिसते की, डावीकडे एक उंच खांब आहे आणि त्याच्या उजवीकडे काही नाही. आता याच आकड्यांचे लॉगॅरिदम पाहा: ०, १.१८, २.१३, ३.१२, ४.११. पहिले पाऊल जरा मोठे पडले आहे, बाकीची जवळजवळ एक एक. हे पाच बिंदू सेमी-लॉग कागदावर मांडून त्यांवर पट्टी ठेवली की ती सर्वांना स्पर्श करून जाते.

गुटेनबर्ग आणि रिक्टर यांनी १९४४ साली मांडलेला नियम तो हाच. महत्ता एकने कमी केली की भूकंपांची संख्या सुमारे दहापट होते. रेषेच्या या उताराला त्यांच्या समीकरणातील अक्षरावरून b म्हणतात; तो बहुतेक ठिकाणी १ च्या आसपास असतो. येथे एक बारकावा सांगितला पाहिजे. आपण लॉगॅरिदम घेतला तो फक्त उभ्या अक्षावर, हे खरे. परंतु आडव्या अक्षावरची महत्ता स्वतःच लॉगॅरिदम असल्यामुळे वस्तुतः दोन्ही अक्षांवर लॉगॅरिदम घेतल्यासारखेच झाले. म्हणजे भूकंपाचा आकार आणि त्याची संख्या यांमधील संबंध घातनियमाचा, म्हणजे एक राशी दुसरीच्या ठराविक घाताप्रमाणे बदलण्याचा, आहे, आणि घातनियमाचे लक्षण असे की त्याला स्वतःचे असे कोणतेही माप नसते. ‘सर्वसाधारण आकाराचा भूकंप’ अशी चीज सृष्टीत नाही. माणसाच्या उंचीची सरासरी काढता येते, भूकंपाच्या आकाराची तशी अर्थपूर्ण सरासरी काढता येत नाही. कोठून मोजावयास आरंभ केला यावर ती सर्वस्वी अवलंबून राहते.

या रेषेच्या साहाय्याने मराठवाड्यात तेव्हा आणि त्यानंतरही ऐकू येणाऱ्या एका समजुतीची तपासणी करता येते. लहान लहान धक्के बसत राहिले की जमिनीतला ताण हळूहळू निघून जातो आणि मोठा भूकंप टळतो, असे पुष्कळ सुशिक्षित माणसेही सांगत असतात. हे ऐकावयास दिलासा देणारे आहे. परंतु भूकंपातून बाहेर पडणाऱ्या ऊर्जेचा लॉगॅरिदम महत्तेच्या दीडपटीने वाढतो; म्हणजे महत्तेच्या एका घराला ऊर्जा सुमारे बत्तीसपट, आणि दोन घरांना बरोबर हजारपट. ६.२ महत्तेच्या एका भूकंपाइतकी ऊर्जा ४.२ च्या धक्क्यांतून निघावयाची तर असे हजार धक्के बसावे लागतील, आणि गुटेनबर्ग-रिक्टर यांच्या रेषेप्रमाणे बसतात ते सुमारे शंभर. दर घर खाली उतरताना संख्या दहापट वाढते आणि प्रत्येकाची ऊर्जा बत्तिसाव्या हिश्शावर येते, तेव्हा त्या घराच्या वाट्याला वरच्या घराची जेमतेम एक तृतीयांश ऊर्जा राहते. आणि खालच्या साऱ्या घरांची मिळून बेरीज केली तरी ती वरच्या एका घराच्या निम्म्यापर्यंत पोहोचत नाही. जमाखर्च असा आहे. किल्लारी परिसरात १९९२ साली धक्के जाणवू लागले होते, त्यांतील १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का ठळक होता; त्या धक्क्यांनी ताण ‘काढून टाकला’ नाही हे पुढच्याच वर्षी दिसून आले.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू: हादरे थांबणार कधी? याचे उत्तर किल्लारीच्या शंभर वर्षे आधी जपानात शोधले गेले. २८ ऑक्टोबर १८९१ रोजी नोबी प्रांतात प्रचंड भूकंप झाला, आणि फुसाकिची ओमोरी या तरुण शास्त्रज्ञाने गिफू येथील वेधशाळेत नोंदल्या गेलेल्या नंतरच्या धक्क्यांची दिवसवार मोजदाद करून १८९४ साली असा निष्कर्ष प्रसिद्ध केला की, धक्क्यांची रोजची संख्या मुख्य भूकंपानंतर लोटलेल्या काळाच्या व्यस्त प्रमाणात घटते. ऐकताना हे सरळसोट वाटते, परंतु त्याचा अर्थ नीट समजण्यासाठी त्याच्या शेजारी दुसरा एक नियम उभा करून पाहिला पाहिजे. किरणोत्सारी द्रव्य जसे ठराविक मुदतीत निम्मे, पुन्हा तेवढ्याच मुदतीत निम्म्याचे निम्मे असे घटत जाते, तसेच धक्केही घटत असतील असे आपले मन आपोआप धरून चालते. समजा, पहिल्या दिवशी शंभर धक्के बसले आणि दुसऱ्या दिवशी पन्नास. येथपर्यंत दोन्ही नियम बरोबरच चालतात, आणि कोणाचे खरे हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. तिसऱ्या दिवशी निम्मे-निम्मेवाला म्हणतो पंचवीस, ओमोरी म्हणतो तेहतीस. दहाव्या दिवशी निम्मे-निम्मेवाल्याच्या हिशेबाने पाच दिवसांत एखादा धक्का उरतो, ओमोरीच्या हिशेबाने अजून रोज दहा. शंभराव्या दिवशी पहिला नियम सारे काही केव्हाच संपले असे सांगतो. दुसरा सांगतो रोज एक. आणि हजाराव्या दिवशीही, म्हणजे पावणेतीन वर्षांनी, दहा दिवसांतून एक.

साध्या कागदावर या दोन्ही वक्ररेषा उतरत जाणाऱ्या आणि दिसण्यात बहिणी-बहिणी असतात. डोळ्याला वक्रतेची पारख फार थोडी. सरळपणाची मात्र, ओळंबा धरून भिंत पाहणाऱ्या गवंड्याप्रमाणे, चांगलीच असते. लॉगॅरिदमाचा खरा उपयोग येथे आहे. निम्मे-निम्मे होणारी संख्या सेमी-लॉग कागदावर, म्हणजे संख्येचा लॉगॅरिदम आणि दिवस मात्र जसेच्या तसे मांडले असता, सरळ होते. ओमोरीची संख्या तेथे वाकडीच राहते, आणि दोन्ही अक्षांवर लॉगॅरिदम घेतल्यावाचून सरळ होत नाही. म्हणून कोणता कागद आकड्यांना सरळ करतो, ही केवळ चित्र नीटनेटके दिसण्याची तजवीज नव्हे. ती निसर्गाची उलटतपासणी आहे: तू कोणत्या नियमाने चालतोस? ओमोरीची संख्या उलट करून, म्हणजे १०० च्या ऐवजी शतांश अशी मांडूनही, सरळ रेषा मिळू शकते, नाही असे नाही. परंतु त्या युक्तीत नियम आधीच गृहीत धरावा लागतो. दोन्हीकडच्या लॉगॅरिदमाच्या आलेखात तो गृहीत धरावा लागत नाही, कारण घातांक किती हे रेषेचा चढ स्वतःच सांगतो. १९६१ साली उत्सू यांनी याच मार्गाने दाखवून दिले की, हा घातांक दर वेळी नेमका १ नसतो, किंचित कमीजास्त होतो. तेव्हा पत्र्याच्या निवाऱ्यातील माणसाला प्रामाणिक उत्तर असे द्यावे लागले असते की, धक्के लवकर विरळ होतील, पण संपायला फार वेळ लागेल, आणि दोन वर्षांनी एखादा बसला तर त्यात अशुभ असे काही समजू नये.

येथवर लॉगॅरिदमाची बाजू मांडली. आता त्याच्या विरुद्धचा पुरावाही दफ्तरी दाखल केला पाहिजे. खुद्द रिक्टर यांनीच पुढे विनोदाने लॉगॅरिदमी आलेखांना सैतानाची करामत ठरवले होते, आणि ज्याने असे दहा-वीस आलेख काढले आहेत त्याला त्यातली मेख कळते. एका पटीला एक सेंटिमीटर जागा दिली तर पाच हजार आणि दहा हजार यांतील अंतर तीन मिलिमीटर उरते. साध्या कागदावर जी चूक डोळ्यांत खुपली असती, ती येथे जाड टोकाच्या पेन्सिलीखाली झाकून जाते. आणि दोन्ही अक्षांवर लॉगॅरिदम घेतले, बिंदू मोजके असले आणि पेन्सिल बोथट असली, तर या जगात सरळ न होणारी माहिती विरळाच. दुसरी गोष्ट शून्याची. ज्या दिवशी एकही धक्का बसला नाही तो दिवस या कागदावर मांडताच येत नाही, कारण शून्याला लॉगॅरिदम नाही. तो दिवस मुकाट्याने गाळून टाकणारे पुष्कळ असतात. परंतु असे शून्याचे दिवस गाळले की शेवटीशेवटी धक्क्यांची संख्या खरीपेक्षा फुगलेली दिसू लागते आणि रेषेचे शेपूट उगाच वर उचलले जाते. त्यापेक्षा दहा-दहा दिवसांचे गट करून गटाची सरासरी मांडावी.

तिसरी गोष्ट यंत्रांची, आणि आपल्या भागापुरती तीच सर्वांत महत्त्वाची. गुटेनबर्ग-रिक्टर यांची रेषा डावीकडे, म्हणजे लहान भूकंपांच्या बाजूला, हमखास खाली वाकते. लहान भूकंप कमी होतात म्हणून नव्हे, तर ते ऐकायला जवळ यंत्र नसते म्हणून. किल्लारीच्या भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने आणि इतर सरकारी खात्यांनी या भागात फिरती यंत्रे आणून बसवली, तेव्हा कोठे बारीकसारीक धक्क्यांची नीट नोंद सुरू झाली. पण मोठ्या भूकंपानंतरचे पहिले काही तास उत्तम यंत्रही अपुरेच पडते, कारण मुख्य धक्क्याच्या लाटा ओसरत असतानाच पुढचे लहान धक्के त्यांत मिसळून जातात.

आणि उजवीकडचे टोक? तेथे मोह असतो. समजा, एखाद्या टापूत ३ किंवा अधिक महत्तेचा भूकंप वर्षाला सरासरी एक होतो असे दहा वर्षांच्या नोंदींवरून दिसले. चढ १ धरला तर रेषा सांगते: ४ चा दहा वर्षांत एक, ५ चा शंभर वर्षांत, ६ चा हजार वर्षांत. हे शेवटचे वाक्य रेषेने उच्चारलेले आहे, नोंदींनी नव्हे. ती तेथपर्यंत सरळ जाते की मध्येच तुटते, हे दहा वर्षांची वही सांगू शकत नाही. आणि हजार वर्षांत एक म्हणजे हजाराव्या वर्षी असाही अर्थ नव्हे, उद्याही होऊ शकतो. याच्या उलट टोकाची चूकही तितकीच महाग पडते. कोयनेच्या ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर भारतीय मानक संस्थेने देशाचा भूकंप-नकाशा १९७० मध्ये सुधारला, तरी किल्लारी-उमरग्याचा टापू सर्वांत सुरक्षित अशा पहिल्या विभागातच राहिला. नोंद नाही म्हणून धोका नाही, असा त्याचा व्यवहारातील अर्थ झाला. १९९३ नंतर तो टिकणे शक्यच नव्हते. २००२ च्या आवृत्तीत पहिला विभाग मुळातच काढून टाकला गेला, आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्यात घेतला गेला.

गुटेनबर्ग-रिक्टर रेषेच्या चढाची, म्हणजे b ची, साक्ष आणखी एका खटल्यात काढली गेली. धाराशिव जिल्ह्यातील माकणी येथे निम्न तेरणा प्रकल्पाचा जलाशय भूकंपक्षेत्रालगतच असल्यामुळे, कोयनेप्रमाणे येथेही साठलेल्या पाण्यानेच भूकंपाला चेतना दिली काय, असा प्रश्न निघाला. हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ च्या सुमारास कोयना आणि परदेशातील अशाच जलाशयांचा अभ्यास करून दाखवले होते की, अशा भूकंपांत b चा आकडा त्या प्रदेशातील नेहमीच्या भूकंपांपेक्षा जास्त असतो, म्हणजे रेषा अधिक उभी उतरते. किल्लारीच्या बाबतीत शास्त्रज्ञांचे मतैक्य झाले नाही. माझ्या मते ते एकट्या चढावरून होणेही इष्ट नव्हते; पाण्याची पातळी, खडकातील भेगा आणि धक्क्यांच्या वेळा हे सर्व एकत्र पाहिल्याशिवाय एका रेषेच्या कलावरून धरणाला आरोपी ठरवणे म्हणजे न्यायाची घाई होय.

ज्यांना हा हिशेब स्वतः करून पाहावयाचा असेल त्यांच्यासाठी आता साधने हाताशी आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या भूकंपांच्या याद्या सर्वांना खुल्या आहेत, आणि कोयना-वारणा भागातील धक्के त्यांत नेहमी आढळतात. त्यामुळे उमरग्याच्या किंवा तुळजापूरच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला पदार्थविज्ञानाच्या वहीतील जुन्यापुराण्या आकड्यांवर लॉगॅरिदम शिकण्याचे कारण नाही. आलेख अवश्य काढावा, आणि रेषा डावीकडे कोठून वाकू लागते ते पाहून तेथे उंबरठा ठरवावा, कारण त्याच्या खालचे आकडे यंत्रांच्या उणिवेचे आहेत. परंतु चढ मोजण्यासाठी पट्टी लावत बसण्यापेक्षा केइती आकी यांनी १९६५ साली दिलेली रीत अधिक भरवशाची आहे: उंबरठ्यावरील सर्व भूकंपांच्या महत्तेची सरासरी काढावी, तीतून उंबरठा वजा करावा, आणि उरलेल्या आकड्याने ०.४३४ ला भागावे, की b मिळाला. शंभर भूकंप घेतले असतील तर या उत्तरात सुमारे दहा टक्क्यांची अनिश्चितता धरावी. यादीतील महत्ता एका दशांश स्थळापर्यंतच दिलेल्या असतात, म्हणजे ३.० या आकड्यात २.९५ पासूनचे भूकंप आलेले असतात. म्हणून उंबरठा ३.० ठरवला असला तरी वजा करताना २.९५ वजा करावेत. सरासरी ३.४३ आली असेल तर या एवढ्याशा दुरुस्तीने b चे उत्तर १.० वरून ०.९ वर येते.